तळातला संघ अचानक जिंकायला लागतो, तेव्हा नेमकं काय घडतं?

हंगाम अर्ध्यावर आला की आमच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या घरी शनिवारी रात्री साडेआठच्या इंग्लिश फुटबॉलच्या सामन्याला दरवर्षी तोच वाद पेटतो. ऑगस्टपासून मार खाणारा एखादा संघ डिसेंबर-जानेवारीत एकाएकी सुटतो, पाचातले चार सामने मारतो, आणि सोफ्यावर बसलेल्या प्रत्येकाकडे त्याचं वेगळं कारण तयार असतं. मावसभाऊ म्हणतो, नवा मॅनेजर आला ना! (फुटबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षकालाच मॅनेजर म्हणतात.) शेजारचे अण्णा म्हणतात, पोरं आता मनावर घेऊन खेळायला लागली. बारावीतला पुतण्या मोबाईल पुढे करतो, "काका, हे होणारच होतं. त्यांचा एक्सजी बघा." अण्णा विचारतात, हे एक्सजी काय असतं रे? पुतण्या घाईघाईने जे सांगतो, त्यातलं अण्णांना काहीही कळत नाही.

हा लेख अण्णांसाठी आहे. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, फक्त प्रत्येकाचा वाटा किती, हे शांतपणे पाहायला हवं. माझं स्वतःचं मत आधीच सांगून टाकतो: संघ सुधारतो आधी आणि गुणतक्त्यात दिसतो नंतर. या मधल्या काळात श्रेय आणि दोष हमखास चुकीच्या माणसाच्या पदरात पडतात.

आधी गुणतक्ता

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २० संघ, प्रत्येकाचे ३८ सामने. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक, पराभवाला शून्य. शेवटचे तीन संघ खालच्या स्तरावर ढकलले जातात आणि त्याबरोबर क्लबचं उत्पन्नही कोसळतं. म्हणून तळातल्या संघाचा एकेक सामना जीव टांगणीला लावणारा असतो.

२०१४-१५ चा लेस्टर सिटी घ्या. २९ सामने झाले होते, खात्यात अवघे १९ गुण. चार विजय, सात बरोबरी, अठरा पराभव. नाताळात तळाला असलेला हा संघ एप्रिल उजाडला तरी तिथेच होता. सगळ्यांनी त्यांच्यावर पाणी सोडलं होतं. मग उरलेल्या नऊ सामन्यांत त्यांनी सात जिंकले, एक बरोबरीत सोडवला, एकच हरले. ४१ गुण, चौदावा क्रमांक, संघ वाचला.

चमत्कार झाला असं तेव्हा सगळेच म्हणाले. पण त्या २९ सामन्यांकडे जरा जवळून पाहा. १८ पराभव होऊनही केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांमधला फरक फक्त उणे २१ होता. चार विजय आणि अठरा पराभव असलेला संघ खरोखर धुतला जात असता, तर हा फरक कितीतरी मोठा दिसला असता. लेस्टर पुन्हा पुन्हा एका गोलाने हरत होता. दाराशी येऊन परत जात होता, म्हणा ना. गुणतक्त्यात हे दिसत नाही, कारण एका गोलाचा पराभव आणि पाच गोलांचा पराभव दोन्ही तिथे शून्यच.

गोल कमी, म्हणून नशीब मोठं

आपला पिंड क्रिकेटचा. पन्नास षटकांच्या डावात तीनशे चेंडू पडतात. दोन झेल सुटले, एक निर्णय चुकला, तरी चांगला संघ बहुतेक वेळा पुरून उरतो. फुटबॉलमध्ये दोन्ही संघांचे मिळून सामन्याला साधारण तीनच्या आसपास गोल होतात. सगळा निकाल दोन-तीन घटनांवर टांगलेला. त्यातली एक जरी खांबाला लागून परतली, तरी आठवड्याची बातमी बदलते.

लेस्टरच्याच त्या विजयी घोडदौडीतला एक प्रसंग सांगतो. २५ एप्रिल २०१५, प्रतिस्पर्धी बर्नली, तोही तळातलाच. स्कोअर ०-०. उत्तरार्धात बर्नलीला पेनल्टी मिळाली. मॅट टेलरने मारलेला चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. मिनिटभराच्या आत खेळ दुसऱ्या टोकाला पोहोचला आणि जेमी वार्डीने गोल केला. लेस्टर १-० ने जिंकला. चेंडू इंचभर आत वळला असता तर त्या दिवशीचं चित्र पार उलटं झालं असतं, आणि दोन्ही संघांतले खेळाडू, त्यांची मेहनत, त्यांचे प्रशिक्षक तेच राहिले असते.

म्हणून पाच-सहा सामन्यांच्या निकालावरून संघाची खरी ताकद ठरवणं धोक्याचं असतं. मग ठरवायचं कशावरून? इथे पुतण्याचं एक्सजी येतं.

एक्सजी म्हणजे डोळे तपासणी

एक्सजी म्हणजे अपेक्षित गोल. एखाद्या ठिकाणाहून, एखाद्या कोनातून, तशाच परिस्थितीत याआधी हजारो फटके मारले गेले. त्यांतले किती गोल झाले, हे मोजून त्या फटक्याला ० ते १ मधला आकडा देतात. पेनल्टी शंभरात साधारण ७५ ते ८० वेळा गोल होते, म्हणून तिचा आकडा पाऊण किंवा थोडा वर. तीस यार्डांवरून मारलेल्या फटक्याचा अगदी किरकोळ. सामन्यातल्या सगळ्या फटक्यांची बेरीज केली की त्या संघाने किती गोलांच्या लायकीच्या संधी तयार केल्या, ते कळतं. २०१७ पासून बीबीसीने हा आकडा आपल्या सामन्यांच्या कार्यक्रमात दाखवायला सुरुवात केली आणि तो घराघरांत पोहोचला.

हे मला स्वतःला नीट उमगलं ते दिंडोरी तालुक्यात मामाच्या द्राक्षबागेत. द्राक्षाला वर्षात दोन छाटण्या. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची छाटणी. ऑक्टोबरनंतर वेलीला घड दिसायला लागतात, म्हणून बाहेरच्या माणसाला वाटतं की सगळी करामत ऑक्टोबरची. प्रत्यक्षात घड त्याच्या कितीतरी आधी, एप्रिल छाटणीनंतरच्या दोन-अडीच महिन्यांत, काडीवरच्या डोळ्याच्या आत तयार झालेला असतो. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. तपकिरी रंगाचा, हरभऱ्याएवढाही नसलेला डोळा. म्हणून मामा ऑक्टोबर छाटणीआधी बागेतल्या काही काड्या कापून प्रयोगशाळेत नेतो. एकदा मीही बरोबर होतो. तिथल्या मुलीने पात्याने एक डोळा उभा चिरला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला बघायला लावलं. आत पांढरट-हिरवा, दाणेदार, इवलासा घड होता. कितव्या डोळ्यात घड आहे आणि कितव्यात नुसती फूट, हे पाहून छाटणी कुठे घ्यायची ते मामा ठरवतो.

एक्सजी ही फुटबॉलची डोळे तपासणी आहे. घड अजून बाहेर आलेला नाही, पण आत आहे की नाही, ते सांगणारी. पुढे गारपीट झाली, अवकाळी पाऊस आला, तर आतला घड असूनही माल हाती लागत नाही. तसं संधी तयार करूनही संघ हरू शकतो. पण आत घडच नसेल, तर ऊन-पाऊस कितीही चांगला असो, काढायला काही नसतं.

यातलं मला सर्वात पटलेलं उदाहरण ब्रायटनचं. २०२०-२१ मध्ये हा संघ भरपूर संधी तयार करत होता, पण गोल होत नव्हते. ४१ गुणांवर सोळावा राहिला. संधींच्या हिशेबात तो वरच्या निम्म्यात शोभला असता. क्लबने प्रशिक्षक ग्रॅहम पॉटर यांना हलवलं नाही. पुढच्या हंगामात तोच संघ ५१ गुणांसह नववा आला.

द्वारकेची कोंडी आणि सरासरी

आता जरा अवघड वाटणारी गोष्ट, पण नाशिककरांना ती रोज भेटते. सीबीएस बसस्थानकावरून नाशिकरोडला जायला कधी अर्धा तास लागतो, कधी पाऊण. एखाद्या दिवशी द्वारका चौकात असे अडकता की सव्वा तास जातो. वैतागून दुसऱ्या दिवशी तुम्ही गल्लीबोळातून वेगळी वाट धरता आणि पस्तीस मिनिटांत पोहोचता. घरी सांगता, "नवी वाट सापडली!" पण दुसऱ्या दिवशी जुन्या वाटेनेही बहुधा पस्तीस-चाळीस मिनिटंच लागली असती. सव्वा तास हा अपवाद होता, आणि अपवादानंतरचा दिवस बहुतेक वेळा नेहमीसारखाच असतो.

संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास करताना ते मांडलं: खूप उंच आईवडिलांची मुलं सरासरीहून उंच असतात, पण आईवडिलांइतकी टोकाची नसतात.

फुटबॉलमध्ये क्लब मॅनेजर कधी काढतात? सलग चार-पाच पराभव झाल्यावर, म्हणजे सव्वा तासाच्या दिवशी. त्यानंतर काहीही केलं, कुणालाही आणलं, अगदी कुणालाच आणलं नाही, तरी निकाल थोडेफार सुधारण्याची शक्यता मोठी असते. नवा मॅनेजर ही नवी वाट असते आणि श्रेय तिला मिळतं.

"पण मॅनेजर बदलला आणि संघ सुधारला, हे डोळ्यांनी दिसतं की!"

हा मावसभावाचा आक्षेप. काही वेळा तो शंभर टक्के बरोबर असतो.

२०२२-२३ मध्ये अ‍ॅस्टन व्हिलाने स्टीव्हन जेरार्ड यांना ऑक्टोबरमध्ये काढलं आणि नोव्हेंबरमध्ये उनाई एमरी आले. तेव्हा संघाचे १३ सामन्यांत १२ गुण होते. एमरींच्या हाताखाली २५ सामन्यांत ४९ गुण आले, संघ सातवा आला आणि युरोपातल्या स्पर्धेसाठी पात्र ठरला. पंचवीस सामन्यांची सुधारणा नुसत्या नशिबावर ढकलता येत नाही. शिवाय बदल मैदानावर दिसत होता. बचावफळी खूप पुढे सरकून उभी राहू लागली, समोरच्याचे आक्रमक पुन्हा पुन्हा ऑफसाइडमध्ये, म्हणजे नियमबाह्य जागी, सापडू लागले. मागून छोटे पास देत प्रतिस्पर्ध्याला पुढे ओढायचं आणि त्याच्या मागे उघडी पडलेली जागा वापरायची, हा डाव पक्का बसला. एमरींना आणखी एक गोष्ट मिळाली, तिची चर्चा फार कमी होते: कतारच्या विश्वचषकामुळे लीग नोव्हेंबरच्या मध्यापासून २६ डिसेंबरपर्यंत थांबली होती. भर हंगामात सरावाला मोकळे आठवडे मिळणं ही मॅनेजरसाठी लॉटरीच.

आता दुसरी बाजू. डिसेंबर २०१८ मध्ये मँचेस्टर युनायटेडने जोसे मोरिन्यो यांना काढून जुना खेळाडू ओले गुन्नार सोल्स्कयार यांना हंगामापुरतं आणलं. पहिले आठच्या आठ सामने जिंकले. ६ मार्च २०१९ रोजी पॅरिसमध्ये, चॅम्पियन्स लीगमधल्या दोन सामन्यांच्या लढतीतला पहिला सामना ०-२ ने हरलेले असताना, युनायटेड ३-१ ने जिंकून पुढच्या फेरीत गेलं. मी तो सामना रात्री दीडला उठून पाहिला आणि शेवटी ओरडलोही. पण ते तीन गोल कसे आले? पहिला समोरच्याच्या चुकीच्या मागच्या पासवर, दुसरा गोलरक्षक बुफॉन यांच्या हातून सुटलेल्या चेंडूवर, तिसरा भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर. २८ मार्चला सोल्स्कयार यांना कायम केलं. त्यानंतरच्या आठ लीग सामन्यांत युनायटेड फक्त दोन जिंकलं, चार हरलं, आणि सहावं राहिलं.

दोन्हीकडे सुरुवातीला आनंदीआनंद होता. व्हिलामध्ये खेळायची रीत बदलली होती. युनायटेडमध्ये मोकळं वातावरण आलं, ते खरंच हवं होतं, पण संधी निर्माण करण्याचं आणि रोखण्याचं गणित निकालांइतकं बदललेलं नव्हतं.

आणि लेस्टर? तो विलक्षण शेवट घडवणाऱ्या नायजेल पिअरसन यांना क्लबने जूनअखेर काढलं. पुढच्या हंगामात क्लॉडिओ रानिएरी आले आणि लेस्टर ८१ गुण मिळवून चक्क विजेता झाला. रानिएरींचं मोठेपण मला मान्य आहे, पण त्या वेलीच्या डोळ्यात घड धरला होता तो पिअरसन यांच्या काळात, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये रानिएरींनाही काढलं, त्यांचे सहायक क्रेग शेक्सपिअर यांच्या हाताखाली लेस्टर लीगचे पहिले पाच सामने सलग जिंकला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शेक्सपिअर यांनाही घरी पाठवलं.

दुखापती, जानेवारीचा बाजार, वेळापत्रक

हे थोडक्यात. जानेवारीत खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत असते. तळातला संघ तेव्हा एखादा अनुभवी बचावपटू आणतो. लेस्टरने रॉबर्ट हुथ तसाच उसना आणला होता. वेळापत्रकाचं म्हणाल, तर पहिल्या दहा सामन्यांत सहा बलाढ्य संघ आले असतील तर पुढचे दहा आपोआप सोपे. चाहते हे हमखास विसरतात.

दुखापतींचा परिणाम मात्र वाटतो त्याहून खोल जातो. २०२०-२१ च्या लिव्हरपूलचा प्रमुख बचावपटू व्हर्जिल व्हॅन डाइक ऑक्टोबरमध्येच जायबंदी झाला, मग इतरही बचावपटू गेले. जागा भरायला मधल्या फळीतले खेळाडू मागे ओढले, त्यामुळे मधली फळीही मोडली. घरच्या मैदानावर सलग सहा लीग सामने हरले. मग दोन नवखी पोरं मागे उभी केली, फाबिन्यो मधल्या फळीत परतला, आणि शेवटच्या दहा सामन्यांत आठ विजय, दोन बरोबरी. संघ तिसरा आला. घरातली एक तुळई सरकली की भेगा भलत्याच भिंतीला पडतात, तसं हे होतं.

"म्हणजे आत्मविश्वास, जिद्द हे सगळं काहीच नाही?"

अण्णांचा हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो, कारण पोरांना खेळताना मी पाहतो. पुतण्या शाळेच्या संघात होता तेव्हा लागोपाठ हरल्यानंतर त्यांचा पुढचा खेळाडू गोलसमोर आला की चेंडू बाजूला देऊन टाकायचा. चुकलो तर दोष नको, म्हणून. एक सामना जिंकल्यावर तोच पोरगा मारायला लागला. पाय तोच होता, बदललं ते चुकण्याचं भय. आत्मविश्वास खरा आहे, आणि तो संधींच्या आकड्यांत काही प्रमाणात उतरतोही: फटके वाढतात, जवळून मारले जातात.

आणखी एक साखळी असते. आघाडी घेतलेल्या संघावर समोरच्याला धावून जावंच लागतं, त्यामुळे मागे मोकळी जागा सुटते आणि दुसरा गोल सोपा होतो. सतत ०-१ ने पिछाडीवर पडणाऱ्या संघाला हे सुख कधी मिळत नाही. म्हणून पहिला गोल करण्याचं प्रमाण थोडं जरी बदललं, तरी निकाल भराभर पालटतात. अण्णा ज्याला जिद्द म्हणतात, तिचा एक भाग हा असतो.

आपल्याकडचं चेन्नईयन

हे सगळं इंग्लंडचंच नाही. इंडियन सुपर लीगच्या २०१५ च्या हंगामात चेन्नईयन संघ तळाला पोहोचला होता. शेवटचे चार साखळी सामने जिंकून तो उपांत्य फेरीत आला. चेन्नईत पूर आल्याने त्यांचा घरचा उपांत्य सामना आपल्या पुण्यात, बालेवाडीला झाला. तो ३-० ने जिंकला आणि पुढे गोव्याला ३-२ ने हरवून विजेतेपदही घेतलं.

२०१९-२० मध्ये पुन्हा तेच. पहिल्या चार सामन्यांत एकही गोल नाही, सहा सामन्यांत एकच विजय. जॉन ग्रेगरी गेले, ओवेन कॉयल आले. खेळाडू बहुतेक तेच, पण संघ धाडसाने पुढे जाऊन खेळायला लागला. नेरियस वाल्सकिस याने हंगामात १५ गोल केले. संघ चौथा आला, अंतिम फेरीत पोहोचला आणि १४ मार्च २०२० रोजी गोव्यातल्या रिकाम्या मैदानावर कोलकात्याच्या एटीके संघाकडून १-३ ने हरला. हे उदाहरण मी मावसभावाच्या खात्यात टाकतो. साखळीतले उरलेले बारा सामने हा नशिबाला पुरून उरायला पुरेसा काळ आहे.

मग ही सुधारणा टिकेल का, ते कसं ओळखायचं?

स्कोअर झाकून ठेवा आणि संधी मोजा. संघ जिंकतोय, पण गोलरक्षक दर सामन्याला चार-पाच अशक्य चेंडू अडवतोय? मग जरा थांबा. लांबून मारलेले फटके लागोपाठ आत जातायत? तेही फार दिवस चालत नाही. उलट, संघ हरतोय पण समोरच्याच्या पेनल्टी क्षेत्रात पुन्हा पुन्हा चेंडू घेऊन पोहोचतोय, तर त्या संघाकडे लक्ष ठेवा.

कुणी म्हणेल, असं मोजत बसलं तर सामन्याची मजा कुठे राहिली? माझा अनुभव उलटा आहे. टेलरचा चेंडू खांबाला लागला तेव्हा काय काय पणाला लागलं होतं, हे कळल्यापासून तो क्षण मला जास्त भिडतो.

गेल्या महिन्यापासून अण्णांनी एक वही केली आहे. पेनल्टी क्षेत्रातून फटका मारला गेला की एक रेघ, बाहेरून मारला तर टिंब. मध्यंतराला ते चष्मा वर करून रेघा मोजतात आणि स्कोअर न बघताच पुतण्याला सांगतात, कोण जिंकायला हवं होतं ते. परवा त्यांचा संघ ०-१ ने मागे होता आणि वहीत रेघा सात विरुद्ध दोन. मावसभाऊ मॅनेजरला शिव्या घालत होता. अण्णांनी वही त्याच्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "थांब जरा. डोळ्यात घड आहे."